कल्ल्यांचा लाल रंग

माझी वयनी मनुबाई स्वस्त मासळीला हात लावत नाही. विकत नाही आणि खातही नाही. बाजार उठायच्या वेळी बाकीच्या बाया "घ्या वो ताई, अर्ध्यात घ्या" करून गळा फाडतात, तेव्हा ही टोपलीवर ओलं फडकं टाकते आणि उरलेली मासळी सुकवायला घरी आणते. "सकालचा जिताडा संध्याकाली अर्ध्यात का देतान? नासाय लागला म्हनून देतान," हे तिचं म्हणणं. पंचवीस वर्षं डोंबिवलीच्या मच्छीबाजारात बसलेली बाई. मासळीच्या बाबतीत ती कधी चुकली नाही. चुकली ती औषधाच्या बाबतीत. का चुकली ते फक्त मला माहीत आहे, म्हणून सांगतोय. सांगून माझी अब्रू जाणार आहे, तर जाऊ दे. होतीच कुठे मोठी?

नाथा म्हणजे माझा दादूस, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा. आईबाप लवकर गेले. वयनी लग्न होऊन आली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. त्या दोघांना मूल झालं नाही, मग मीच त्यांचं मूल. वयनीनं मला काटे काढून बोईट भरवलेलं आहे.

शहाऐंशीचा पावसाळा सरला तेव्हाची गोष्ट. सकाळी ओहोटीला आम्ही दोघं होडी घेऊन खाडीत गेलेलो. खुंटाला बांधलेलं जाळं दादूस ओढत होता. निम्मं जाळं वर आलं आणि त्याला ढास लागली. थांबेचना. मी म्हटलं, "सोड, मी ओढतो." त्यानं तोंडावरचा हात काढला आणि घाईघाईनं पाण्यात बुडवला. तेवढ्यात मला दिसायचं ते दिसलं.

"रगत हाय?"

"पान खाल्लेलं."

दादूसनं जन्मात कधी पान खाल्लेलं नव्हतं.

वयनीनं त्याच दिवशी त्याला ओढत डोंबिवलीच्या छातीच्या डॉक्टरकडे नेलं. फोटो काढला, थुंकी तपासली. टीबी. डॉक्टर मान वर न करता लिहीत होता. "नऊ महिने औषध. रोज सकाळी उपाशीपोटी. एक दिवसही चुकवायचं नाही. या लाल कॅप्सूलनं लघवी लाल होईल, घाबरायचं नाही." वयनीनं विचारलं, "बरं होतील ना?" डॉक्टर म्हणाला, "चुकवलं नाही तर होईल." आणि पुढच्या पेशंटची घंटी वाजवली.

सरकारी दवाखान्यात सुया फुकट मिळायच्या, पांढऱ्या गोळ्याही मिळायच्या. लाल कॅप्सूल मात्र नाही. ती मेडिकलमधून आणायची, आणि तिचा भाव! आठवड्याच्या सात कॅप्सुलांना एक मोठा जिताडा जायचा. जिताडा काय रोज जाळ्यात येऊन बसतो? आमच्या खाडीत तर आता बोईटही रडतरडत यायचं. मानपाड्याकडच्या कारखान्यांचं पाणी नाल्यातून खाडीत उतरायला लागल्यापासून मासळीला घासलेटचा वास मारायचा, गिऱ्हाईक नाक मुरडायचं. तरी वयनीनं पहिली पट्टी आणली, देव्हाऱ्यात ठेवली, हळदकुंकू वाहिलं आणि मगच दादूसच्या हातावर कॅप्सूल दिली. दुसऱ्या दिवशी तो पडवीमागून हसत आला. "मनू, खरंच लाल जाली गो!" वयनी स्वतः जाऊन बघून आली. कल्ले उघडून मासळी बघावी तशी.

आता कल्ल्यांचं सांगतो. सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगतो.

त्याच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. मला एक मोठा जिताडा लागलेला. मी तो वयनीला न सांगता बर्फात दडवून ठेवला, परस्पर विकून पैसे मारायचे म्हणून. गिऱ्हाईक मिळालं नाही. तीन दिवस गेले, ताज्या मासळीचे लाल असतात ते कल्ले पांढरे पडले. कल्याणला पिक्चर लागलेला, मला पैसे हवे होते. बस, एवढंच कारण. मी खाटकाकडून वाटीभर रक्त आणलं, कल्ल्यांना आतून चोळलं आणि सकाळी जिताडा वयनीच्या टोपलीत टाकला. "आत्ताच लागला, वयनी." तिनं कल्ला उचलून बघितला. लालभडक. माझ्यावर विश्वास होता तिचा, म्हणून नाक लावून बघितलं नाही. पंधरा वर्षांपासूनच्या गिऱ्हाइकाला, एका मास्तरणीला, तिनं स्वतःच्या जबानीवर तो दिला.

दुसऱ्या दिवशी मास्तरीण बाजारात डबा घेऊन आली आणि शिजलेले तुकडे वयनीच्या पाटीसमोर ओतले. "मनुबाई, घरात पोरांना उलट्या झाल्या. तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती." सगळा बाजार बघत होता. वयनीनं पैसे परत केले, तिच्या पाया पडली आणि ते तुकडे आपल्या हातांनी गोळा केले. मी मागे उभा होतो. त्या दिवसापासून मी आणलेल्या प्रत्येक मासळीचे कल्ले ती ओल्या फडक्यानं पुसून बघायची आणि मगच टोपलीत घालायची. दोन वर्षं. रोज. माझ्या तोंडावर.

दादूसला जाळं ओढता येईना, एकट्यानं माझ्यानं होईना, म्हणून मी पोपट ठेकेदाराच्या पाया पडून मानपाड्याच्या एका औषधाच्या कारखान्यात रोजंदारीवर लागलो. ज्यांच्या पाण्यानं आमची खाडी नासली त्यांच्याच दारात. पोट काय काय करायला लावतं! आणि योगायोग बघा, तिथं भरत होते तीच दादूसची लाल कॅप्सूल. औषधाचं नाव रिफाम्पिसिन, पण आम्ही नुसतं 'लाल' म्हणायचो. पिंपातून विटकरी भुकटी काढायची, रिकाम्या टोप्या खाचांत बसवायच्या, भुकटी भरायची, दाबायचं. नाकातोंडाला फडकं बांधलं तरी थुंकी लाल, घाम लाल. बनियन कितीही धुतला तरी काखेत नारिंगी तो नारिंगीच.

पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं. भरलेल्या कॅप्सुलांचा ढीग एकच, आणि पुढे पॅकिंगला त्याचे दोन वाटे होतात. एक वाटा मोठ्या कंपनीच्या चकचकीत पट्टीत जातो, दादूस घ्यायचा ती. दुसरा साध्या पट्टीत, नुसतं औषधाचं नाव आणि आमच्या कारखान्याचं नाव. साध्या पट्टीवर भावाचा शिक्का निम्म्याहून कमी.

मी सुपरवायझर प्रभाकरना विचारलं, "साहेब, दोन्हीत फरक काय?"

"कागदाचा."

"आणि औषधात?"

"अरे, तूच भरतोस ना? मग मला काय विचारतोस?" ते हसले. "मोठी कंपनी आपल्याकडून करून घेते आणि वर स्वतःचं नाव छापते. डॉक्टरांना भेटायला टाय लावून पोरं फिरतात, त्यांचा पगार कोण देणार? पेशंट देणार."

पेशंट म्हणजे माझा दादूस. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुटी झाली तसा मी साध्या पट्टीची दहा कॅप्सुलं मेडिकलमधून पैसे मोजून घेतली आणि धावत घरी गेलो.

वयनी कोलंबी सोलत होती. मी पट्टी तिच्यासमोर धरली. "हीच ती. माझ्या हातानं भरलेली. निम्म्यात."

तिनं पट्टी उलटसुलट केली. "निम्म्यात का?"

"नाव नाय म्हनून."

"माल चांगला असतां त नाव का नसतां?" तिनं पट्टी खाली ठेवली. "मना नको शिकवू कान्हा. निम्म्यात कोन काय देतंय तां मना ठावं हाय."

"आई एकवीरेची शपथ, वयनी."

शपथ ऐकून ती माझ्याकडे बघत राहिली. जिताड्याच्या दिवशीसुद्धा मी शपथ घेतलेली, हे तेव्हा मला आठवलं. तिला बरोबर आठवत होतं.

तरी दादूसनं माझी बाजू घेतली. म्हणाला, "घेऊन त बघू." दुसऱ्या दिवशी त्यानं साधी कॅप्सूल घेतली आणि दुपारी मला हाक मारली. लाल. तश्शीच लाल. मी वयनीला हाताला धरून नेलं. "बघ! आता तरी पटलं?"

ती वाकून बघत होती. मग सरळ झाली आणि हळूच म्हणाली, "रंग काय रं, तू कल्ल्यांना पन लावलेलास."

तिनं उरलेली नऊ कॅप्सुलं पट्टीसकट चुलीत टाकली. वर तिला डॉक्टरचीही साथ मिळाली. पुढच्या खेपेला मी साध्या पट्टीचं विचारलं तर तो चिडला, "औषध तुम्ही ठरवणार की मी? लिहिलंय तेच घ्या. स्वस्तात आजार बरे करायचे असतील तर इथे येऊ नका." वयनी माझ्याकडे नुसती बघत होती. 'ऐकलंस ना?' असं.

मग व्हायचं तेच झालं. खाडीतला धंदा उधाणावर चालतो. अमावास्या-पुनवेला पाणी जोरात असतं तेव्हा मासळी लागते. अष्टमीच्या आगेमागे भांग असतो, पाण्याला ओढ नसते, जाळी सुकत पडतात. आता भाच्यापुतण्यांच्या वाट्यानं आमचं जाळं लागायचं, म्हणजे त्यातलंही निम्मंच हातात. माझी रोजंदारी पोपटच्या मर्जीवर. उधाणात कॅप्सुलं आली, भांगात संपली. वयनी गळ्यातली डोरली सोडून बाकी सगळं विकून बसली, तरी भांगाचे चार-पाच दिवस कोरडे जायचेच. मी म्हणायचो, "अगं, या चार दिवसांत तरी साधी दे." ती म्हणायची, "सडकी देन्यापरास उपाशी बरा." आणि दादूस स्वतःच हसून सांगायचा, "भांगात जालं पन सुकवतान. अंगाला पन जरा सुकू दे."

आणि तो बराही दिसायला लागलेला ना! ढास कमी झाली, भाकर दीडवर गेली. मग मलाही वाटलं, चालतंय तर चालू दे. मी का जोर केला नाही, असं लोक विचारतील. मला लाज होती. ज्या तोंडानं खोटं बोललो त्याच तोंडानं खरं किती वेळा सांगणार?

सत्त्याऐंशीच्या अखेरीला दादूसची ढास परत आली. नऊ महिने कधीच उलटून गेलेले, डॉक्टर म्हणाला अजून घ्या. त्याच सुमाराला प्रभाकरनी पेपर वाचून दाखवला की सरकारनं औषधांचे भाव बांधलेत, आता त्याच्यावर विकता येणार नाही. यादीत आमचं लालही होतं. मी नाचत घरी गेलो. "वयनी, तुझ्याच कंपनीचा भाव उतरला! सरकारनं उतरवला!" तिचा चेहरा पहिल्यांदा जरा सैल झाला. सरकारनं उतरवलाय म्हणजे माल नासलेला नाही, एवढं तिला पटलं.

ती मेडिकलमध्ये गेली. मेडिकलवाला म्हणाला, "माल येत नाही." दुसऱ्यानं सांगितलं, "पुढच्या आठवड्यात." तिसरा म्हणाला, "साध्यातलं देऊ?" वयनी पायरी उतरली. मी प्रभाकरना विचारलं तर ते म्हणाले, "त्या कंपनीनं आपली ऑर्डर तोडत आणलीय. या भावात परवडत नाही म्हणतात. परवडत नाही की परवडवून घ्यायचं नाही, ते विचारणारे आपण कोण?"

डोक्यावर पाटी घेऊन ती डोंबिवली फिरली, कल्याण फिरली. ठाण्याला वर्तकनगरच्या एका दुकानात चार कॅप्सुलं मिळाली, छापल्या भावाच्या दुप्पट देऊन. तिनं पट्टीवरच्या आकड्यावर बोट ठेवलं तर दुकानदार म्हणाला, "त्या भावात हवं असेल तर सरकारकडे जा." आणि वर, "बाई, पाटी बाहेर ठेवा, वास येतोय." तिनं पाटी बाहेर ठेवली. परत आली तर मांजरानं दोन बोंबील ओढून नेलेले.

ती चार संपल्यावर बावीस दिवस दादूसच्या पोटात लाल कॅप्सूल गेली नाही. बाविसाव्या दिवशी त्यानं अंगणातच रक्त ओकलं. वयनीनं राख टाकली, झाडलं, हात धुतले आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "ती पट्टी तुझ्या कारखान्यात बनतेय ना? मना तिथं लाव. मी तिथनं आनतंय."

"चोरशील?"

"मागन. पाया परन. नायच दिली त चोरन."

आयुष्यात कुणाच्या टोपलीतली मांदेली न उचललेली बाई. मी पोपटला गाठून तिला एक दिवस पॅकिंगला लावली. दारात शिरताना बायांची झडती होते. पदर झटकायला लावला, अंबाडा सोडायला लावला. ती सगळं निमूट करत होती. मी भिंतीकडे तोंड केलं.

पॅकिंगच्या टेबलावर पिंप आलं. माझ्या हातचंच. पिंपातून कॅप्सुलं ओतली, मशीनवर एक कागदाचं रीळ होतं, त्यात निम्मी गेली. मोठ्या कंपनीची शेवटची खेप होती ती. मग मेकॅनिकनं रीळ काढलं, दुसरं साधं चढवलं, आणि त्याच पिंपातल्या उरलेल्या कॅप्सुलांवर मशीन परत चालू झालं. खट, खट, खट. दोन्ही पट्ट्या वयनीच्याच हाताखालून गेल्या, शिक्का मारणारी तीच. एकीवर मोठा आकडा, दुसरीवर छोटा. ती थांबली. पिंपाकडे बघितलं, रिळाकडे बघितलं. तिनं एक सुटी कॅप्सूल उचलली, नाकाशी नेली आणि ओल्या बोटानं पुसून बघितली. बाजूची बाई खेकसली, "ए मावशी, हात चालव!"

हातच्या काकणाला आरसा कशाला. ती मागायला आलेली, तिनं मागितलं नाही. चोरायला आलेली, चोरलं नाही. सुटी झाल्यावर झडती देऊन बाहेर आली, रस्त्याच्या कडेला धुळीत मटकन बसली आणि मोठ्यानं रडली. "मी जालली रं. नऊच्या नऊ. माझ्या हातानं चुलीत जालली." मी म्हटलं, "वयनी, चूक माझी हाय." तिनं डोळे पुसले. "हाय," म्हणाली. "तुझी पन हाय." आणि उठून थेट मेडिकलमध्ये गेली, साध्या दोन पट्ट्या घेतल्या.

तेव्हापासून एक दिवस चुकला नाही. भांग असो की उधाण, पहाटे चूल पेटायच्या आधी दादूसच्या हातावर कॅप्सूल. मोठ्या कंपनीची पट्टी पुढे कुठे दिसलीच नाही. साधी मात्र डबाभर घरात. दादूसची लघवी लाल, घाम नारिंगी. ढास मात्र तशीच. महिना गेला, दोन गेले. त्याच्या बरगड्या होडीच्या फळ्यांसारख्या मोजता यायला लागल्या.

मग आम्ही त्याला ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. थुंकी दूर कुठे तरी तपासायला पाठवली, रिपोर्ट यायला दोन महिने लागले. तिथली डॉक्टरीणबाई चांगली होती. तिनं वयनीला खुर्चीवर बसवलं. "औषध मधे मधे बंद झालेलं का?"

वयनी म्हणाली, "भांगात."

बाईंना कळलं नाही. मी सांगितलं, "महिन्यातून आठ-दहा दिवस. आणि एकदा सलग बावीस."

बाईंनी रिपोर्ट मिटला. "औषध मधे सुटलं की जंतू शिरजोर होतात. यांचे झालेत. आता या कॅप्सूलचा त्यांच्यावर काही उपयोग नाही."

"म्हनजे साधी व्हती म्हनून?" वयनीनं विचारलं. तिला अजूनही माझ्याकडून 'नाही' ऐकायचं नव्हतं, बाईंकडून ऐकायचं होतं.

"नाही हो. साधी असो की नावाची, औषध एकच. पहिल्यापासून रोज साधी दिली असतीत, तर बहुतेक बरे झाले असते."

तिला असं सांगायला नको होतं. खरं होतं, तरी नको होतं.

दुसरी औषधं होती म्हणे. बाईंनी कागदावर नावं लिहून दिली. मी ती मेडिकलमध्ये दाखवली, भाव ऐकला आणि कागद खिशात परत ठेवला. आमची होडी, जाळं आणि घर विकूनही तीन महिने चालली नसती, आणि लागणार होती दोन वर्षं. दादूसला कोणी सांगितलं नाही, पण त्याला कळलं. "साधीच दे मनू," म्हणाला. "सवय जालीय."

ती देत राहिली. मी म्हटलं, "वयनी, उपयोग नाय आता." म्हणाली, "असूं दे. आता तरी चुकवाची नाय."

एकोणनव्वदच्या माघी पुनवेच्या उधाणाला, सकाळी, पाणी अंगणाच्या बांधापर्यंत चढलेलं. दादूसला भिंतीला टेकवून बसवलेला. श्वास वर वर चाललेला. त्यानं खाडीकडे बघितलं आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. वयनीनं पदर पुढे केला आणि त्याचे डोळे पुसले. पदर पांढऱ्या काठाचा. तिनं तो बघितला आणि माझ्यासमोर धरला. काठावर नारिंगी डाग पडलेला.

बोट ओलं करून तिनं तो डाग घासला, एकदा, दोनदा. डाग गेला नाही.

"खरं व्हतं रं कान्हा," ती म्हणाली. "तुझं खरं व्हतं."

दादूसचा श्वास तोवर थांबलेला होता. ते आधी मला दिसलं, आणि तिला कसं सांगायचं ते मला कळेना.